कर्लिंग रिंकच्या छतावर चाळीस पॅनल

२ मे, शनिवार

रिंकची मीटिंग. पाऊण तास. त्यातला अर्धा तास मी बोललो, म्हणून काहीतरी ठरलं. कर्लिंगचे दगड ज्यावर सरकवतो तो बर्फ गोठवणारं मशीन वीज पितं, तेव्हा छतावर सोलर पॅनल्स बसवायची. चाळीस.

मी रिंकचा अध्यक्ष असतो तर हे तीन वर्षांपूर्वीच झालं असतं. पण हिवाळ्यात गावाने लॉरेन टकाचुकला निवडून दिलं. चिठ्ठ्या टाकून, अकरा विरुद्ध दोन. दोन म्हणजे एक माझं मत आणि एक माझ्या बायकोचं, व्हर्नाचं. ही लॉरेन धान्याच्या एलिव्हेटरवर, म्हणजे कोठारावर, माझ्या हाताखाली पावत्या फाडायची. वजनकाटा वाचायला तिला मी शिकवलं. आता ती मला सांगते, ऑरेस्ट, तुम्ही सेफ्टी बघा.

सेफ्टी म्हणजे सगळ्यांच्या वर. माझ्या परवानगीशिवाय कोणी शिडीला हात लावू शकणार नाही. हे तिच्या लक्षात आलेलं नाही. मीही आणून दिलं नाही.

घरी आल्यावर व्हर्नाने विचारलं, सेफ्टीवाला खालीच उभा असतो ना? मग बरं झालं म्हणाली. तिला यातलं काही कळत नाही.

५ मे

नियम लिहिले. एकतीस झाले. एलिव्हेटरवर एकतीस वर्षं काढली, एकही अपघात नाही. (पीटच्या बोटाचा धरला तर एक. पण ते बोट त्याने स्वतः यंत्रात घातलं होतं.)

शिडीचा पाय भिंतीपासून उंचीच्या चौथ्या हिश्शावर. वरचं टोक छताला बांधलेलं आणि तीन फूट वर निघालेलं. चढताना दोन्ही हात मोकळे. वारा ताशी पंचवीस किलोमीटरच्या वर गेला की काम बंद. हे सगळं मी डोक्यातून लिहिलं. माहितीपत्रक फक्त समोर उघडं होतं.

लॉरेनचा फोन. तिला योर्कटनहून शिडीवर चालणारी मोटरची लिफ्ट भाड्याने आणायचीय. पॅनल फळीवर ठेवायचं, बटण दाबायचं, की ते शिडीवरून आपोआप वर. मी साफ नाही म्हटलं. दोर, कप्पी आणि अनुभवी माणूस पुरे. बटण काय, कोणीही दाबेल. ती म्हणाली, तोच तर फायदा आहे. उद्धट.

९ मे

ट्रेनिंग घेतलं. नऊ जण आले होते. अकराव्या नियमाला पोचलो तेव्हा चार उरले. बाकीच्यांना पेरणी एकदम आठवली.

लॉइड बर्गन शेवटपर्यंत बसला. त्याचं शेत आमच्याला लागून. वय बहात्तर, कोणालाही नाही म्हणता येत नाही. काय समजलं विचारलं तर म्हणाला, शिडीचा पाय धरायचा आणि सोडायचा नाही. हुशार माणूस.

जाताना त्याने सांगितलं की निवडणुकीत त्याने मला मत दिलं होतं. मला दुसरं कोणी देणार नाही असं त्याला वाटलं म्हणून. म्हणजे माझं, व्हर्नाचं आणि लॉइडचं, अशी तीन झाली. मोजणी दोन दाखवते. या घोटाळ्याचा मी छडा लावणार आहे.

१३ मे

गॅरेजच्या छतावर सराव केला. पॅनलऐवजी जुना दरवाजा. दोर कप्पीत अडकला आणि दरवाजा मध्येच लोंबकळायला लागला. दोर कापावा लागला. दरवाजा व्हर्नाच्या कांद्याच्या वाफ्यावर आला.

सराव यशस्वी. कप्पी बदलायची, एवढंच.

व्हर्ना वाफा नीट करत बसली.

१६ मे, शनिवार, सकाळी ९:४०

रिंकसमोर प्रात्यक्षिक. बावीस माणसं जमलीत. कप्पी बदलायची राहिली, दुकान बंद होतं. (शुक्रवारी उघडं होतं, पण शुक्रवारी मी शिट्टी शोधत होतो.)

वारा अडतीस. लॉरेनने माझा कागद काढला आणि वाऱ्याचा नियम सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. माझाच नियम, माझ्याच तोंडावर. मी म्हटलं, "नियम मी लिहिलाय. त्याचा अर्थ मी सांगणार."

प्रेअरीच्या या उघड्या माळरानावर याला वारा म्हणायचं असेल तर आपल्या आज्यापणज्यांनी इथे घरं बांधायलाच नको होती.

१६ मे, दुपारी ४

जे झालं ते लिहून ठेवतो, नंतर लोक काहीही बोलतील.

दोर अडकला. जुनी कप्पी. बावीस माणसं बघत होती आणि कोणीतरी हसलं. मी पॅनल खाली घेतलं, काखेत मारलं आणि चढायला लागलो. हात मोकळे ठेवायचा नियम चढणाऱ्यांसाठी आहे, शिकवणाऱ्यासाठी नाही. लॉरेन खालून ओरडत होती. लक्ष विचलित करणं हासुद्धा नियमभंगच.

नवव्या पायरीवर वारा आला. पॅनल म्हणजे शेवटी दरवाजाएवढं शीड. मी सोडलं नाही. ते गेलं.

शिडीचा पाय लॉइडने धरला होता. पॅनलचा कोपरा त्याच्या खांद्यावर आला. त्याने शिडी सोडली नाही. मी नऊ पायऱ्या उतरून खाली पोचलो तेव्हा सोडली, आणि मग तो बसला. गळ्याजवळचं हाड मोडलं. पॅनलच्या काचेचा चुरा झाला.

लॉइड चुकीच्या जागी उभा होता. तिथे मीच त्याला उभं केलं होतं, पण इतकं नेमकं तिथे नाही.

१८ मे

हॉस्पिटलात गेलो. लॉइडची विचारपूस, आणि अपघाताच्या अहवालावर सही. सही मिळाली नाही, त्याचा उजवा हात झोळीत आहे. डाव्याने चालेल म्हटलं.

तो म्हणाला, "पॅनल येताना दिसलं मला. मी सरकलो असतो तर तू खाली आला असतास."

मी म्हटलं, म्हणजे सरकायला वेळ होता. तेवढं अहवालात घेतो.

लॉइडने तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाला, "ऑरेस्ट, आता घरी जा."

औषधांनी माणूस चिडचिडा होतो. फुलं गाडीतच राहिली. व्हर्नाने दिली होती.

२१ मे

गावात कोणी बोलत नाही. कोऑपच्या दुकानात कॉफीच्या टेबलावर माझी खुर्ची कोणीतरी दुसऱ्या टेबलाला नेली होती. मी उभ्याने प्यायलो. उभ्याने पिणं तब्येतीला चांगलं.

दुपारी लॉरेन घरी आली. आधी स्वयंपाकघरात व्हर्नाशी चाळीस मिनिटं, दार लावून. मग माझ्याकडे. पॅनल्स शनिवारी तीस तारखेला चढवायची, सकाळी साडेसहाला या म्हणाली. आवाज अगदी मऊ. बाई एकदाची वठणीवर आली. माझ्याशिवाय चालत नाही हे कळायला तिला एक हाड लागलं.

मी अट घातली: नवा सेफ्टी पट्टा असल्याशिवाय काम सुरू होणार नाही. ती लगेच हो म्हणाली. वाद न घालता. बारा वर्षांत पहिल्यांदा.

२७ मे

पट्टा फोनवरून मागवणार होतो. व्हर्ना म्हणाली, नको, उद्या तू स्वतः सास्काटूनला जा, हातात घेऊन पारखून आण. जायला तीन तास, यायला तीन तास. डब्यात बटाट्याचे पेरोगी भरून देते म्हणाली. घाई करू नको, तिकडेच जेवून ये असंही म्हणाली.

लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली. तिला माझ्या कामाची किंमत आज कळली.

२८ मे, गुरुवार, संध्याकाळी ८

पट्टा आणला. दुकानदाराने पहिला दाखवलेलाच घेतला, पण सहा पारखून.

आज वारा अजिबात नव्हता. पान हलत नव्हतं. पॅनल्स चढवायला असाच दिवस हवा, हे लॉरेनच्या कधी डोक्यात आलं नसतं. येताना रिंकवरून यायचा विचार होता, पण व्हर्नाने फोन करून दूध आणायला सांगितलं, म्हणून दुसऱ्या रस्त्याने आलो.

व्हर्नाचं नाक उन्हाने लाल झालंय. हात इतके आखडलेत की बरणीचं झाकण मलाच उघडावं लागलं. दिवसभर तण काढत होते म्हणाली. या वयात एवढं काम बरं नाही, मी तिला समजावलं.

२९ मे

हेल्मेट घासलं. शिट्टी सापडली. उद्या लॉरेनशी मनात काही न ठेवता वागायचं ठरवलंय. दोराचं एक टोक तिला धरायला देईन.

३० मे, शनिवार, सकाळी ६:२०

रिंकसमोर आहे. कोणी आलेलं नाही. पॅनल्स छतावर आहेत.

६:३५

दोनदा मोजली. चाळीस. फुटलेल्याच्या जागी नवंसुद्धा.

७:१०

लॉरेन किल्ल्या घेऊन आली. मला बघून थांबली नाही, कुलूप उघडत राहिली.

मी म्हटलं, "शनिवार सांगितला होतास."

"सांगितला होता."

"खोटं बोललीस."

"हो," ती म्हणाली. "तुम्ही असता तर अजून कोणाचं तरी हाड गेलं असतं. आणि तुम्ही सही मागायला गेला असता."

मी विचारलं, कधी. गुरुवारी. लिफ्टने, साडेपाच तासांत. लॉइड हात झोळीत घालून खुर्चीवर बसला होता, वारा बघायला. माझी अख्खी टीम होती, म्हणाली. माझी म्हणजे तिची.

मी म्हटलं, साडेपाच तासांत चाळीस म्हणजे गडबड केलेली असणार. सेफ्टी माझ्याकडे आहे. मी वर जाऊन एकेक बोल्ट तपासणार आणि जे सापडेल ते लिहून गावभर वाटणार. तिने आतून शिडी आणून लावली. "बघा," म्हणाली आणि आत निघून गेली.

शिडी धरायला कोणी नव्हतं. वर दोर बांधेपर्यंत कोणीतरी धरायला लागतं. मी थांबलो. किती वेळ ते लिहीत नाही.

मग आमची दुसरी गाडी आली. व्हर्ना उतरली. घरातल्याच चपला, अंगावर माझं जाकीट. मी तिला बोलावलं नव्हतं. तिने शिडीचा पाय धरला. मी चढलो. नवव्या पायरीवर जरा थांबलो.

सकाळी ९:३०, गाडीत

दोन तास वर होतो. प्रत्येक पकड पान्याने ओढून बघितली. प्रत्येक रांगेला सुतळी लावली. वायरींच्या खाली हात घातला. गुडघे सोलले.

खाली उतरलो तर व्हर्ना तिथेच, दोन्ही हातांनी शिडी धरून. आता सोड म्हटलं. ती म्हणाली, "गुरुवारीही मीच धरली होती. चाळीसही वर जाईपर्यंत."

मी म्हटलं, म्हणजे तुलाही माहीत होतं.

"सास्काटूनला पाठवायची युक्ती माझीच होती. लॉरेन तुला तोंडावर सांगणार होती. मीच नको म्हटलं."

मी पट्टा काढायला लागलो. बक्कल निघेना. तिने काढून दिलं. मग विचारलं, वर काही चुकीचं सापडलं का.

नाही म्हटलं.