बूड झाकून पाहावयाची तलवार

मी, इगाराशी तामेयोशी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, पूर्वीचा धंदा चमचे-काटे घासून चकाकवणे, राहणार त्सुबामे, निइगाता, हे मृत्युपत्र नोटरीबाईंसमोर तोंडी सांगत आहे आणि त्या लिहून घेत आहेत. माझे यकृत बिघडले आहे, डोके नाही. डॉक्टरांनी भातलावणीपर्यंतची मुदत दिली आहे. माझ्यावर कोणाचे दडपण असेलच तर ते "बाबा, आता तो विषय सोडा" म्हणणाऱ्या माझ्या मुलीचे आहे, आणि ते मी जुमानलेले नाही.

कलम १. राहते घर, मागचा मुळ्यांचा वाफा आणि पोस्टातली शिल्लक माझी एकुलती एक मुलगी नोरिए हिला मिळावी. शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या कुंपणात आली आहे. तिची फळे आपलीच समजावीत. वीस वर्षे मी भीड धरली, नोरिएने धरू नये.

कलम २. घासणीचे चाक आणि पट्टे कारखान्यातला माझा सोबती ओगुमा याला द्यावेत. तो ते नीट वापरणार नाही, पण दुसरे कोण घेणार?

कलम ३. शेजारच्या टोफूवाल्या होशिनाबाई या दस्ताला साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असा कायदा आहे. माझी पत्नी हात्सुए हिच्या आजारपणात या बाईंनी दोन महिने दोन वेळचे जेवण पोचवले. म्हणून चोवीस चमच्यांचा संच मी काल हातोहात त्यांच्या घरी नेऊन दिला. कायद्याने आता काय करायचे ते करावे.

कलम ४. तलवार. हात्सुए सहा वर्षांपूर्वी वारली. तिच्या माहेरचे कोठार चौदा वर्षांपूर्वी पाडले, तेव्हा आढ्यावर पेंढ्यात गुंडाळलेली ही तलवार निघाली. महायुद्ध हरल्यावर परके सैन्य घरोघर तलवारी गोळा करत होते, तेव्हा तिच्या आजोबांनी ती दडवली असावी. आम्ही पोलिसांत कळवून रीतसर नोंदणीचा दाखला घेतला. मी इतका कच्चा होतो, की दाखल्यावरची तारीख हेच तलवारीचे वय धरून बसलो. हात्सुए म्हणाली, "म्हणजे माझ्या आजोबांनी यंदाची तलवार लपवली होय?"

मुठीच्या आत जाणारे पात्याचे बूड गंजून काळे पडले होते. पंचेचाळीस वर्षे गंज दिसला की घासायचा, यावर माझे पोट चालले. दुपारचे जेवण होताच मी ते बूड चाकावर धरले आणि आरशासारखे लख्ख केले.

हात्सुए म्हणाली, "अहो, तेवढं राहू द्या की. मुठीत कुणाला दिसतंय?"

मी म्हणालो, "तुला काय कळतंय पोलादातलं?"

तो काळा गंज म्हणजे तलवारीचा जन्मदाखला. जाणकार त्यावरूनच वय सांगतात आणि त्याला कधी बोट लावत नाहीत. हे मला पोलिसांनी सांगितले नाही, नोंदणीच्या बाबूने तर नाहीच. सगळे शहाणे नंतर भेटले.

कलम ५. त्या शहाण्यांबद्दल. गावच्या तलवार अभ्यास मंडळाचे अध्यक्ष कुवाबारा, निवृत्त दंतवैद्य. मी पहिल्यांदा तलवार घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी मूठ काढली, बूड पाहिले आणि म्हणाले, "हे काय, चमचा आणलात?" सगळा हॉल हसला. "शंभर-सव्वाशे वर्षांचं काहीतरी दिसतंय. आवरून ठेवा." तेव्हापासून दर एप्रिलला नव्या सभासदांना माझ्या तलवारीच्या बुडाचा फोटो दाखवतात. खाली लिहिलेले असते : नवशिक्याने काय करू नये.

मी मंडळ सोडले नाही. पात्यापुढे आधी वाकायचे, पाते हातात असताना तोंड उघडायचे नाही कारण थुंकीने डाग पडतो, पाते खिडकीकडे तिरके धरायचे, हे सगळे शिकलो. दर महिन्याला मंडळात ओळखीचा खेळ असतो. पाच तलवारी मांडतात, त्यांची बुडे कापडात झाकलेली. नुसते पाते पाहून काळ आणि प्रांत चिठ्ठीवर लिहायचा, मग अध्यक्ष चिठ्ठ्या तपासून शेरा मारतात. माझ्या पाच वर्षांच्या चुका कुवाबारांनी मोठ्याने वाचून दाखवल्या. सहाव्या वर्षापासून माझी उत्तरे बरोबर येऊ लागली, तेव्हा त्यांचा आवाज बसला.

माझे म्हणणे एवढेच आहे. जगाच्या तलवारींचे बूड झाकून पाते बघा म्हणता, आणि माझ्या तलवारीचे नुसते बूड बघून पाते म्यानात घालता, हा कुठला न्याय? चौदा वर्षांत या माणसाने ते पाते एकदाही उजेडात धरले नाही. त्या पोलादात धारेच्या वर एक फिकट धुके आहे, थंडीत काचेवर श्वास सोडल्यासारखे. ते अलीकडच्या तलवारीत सहसा नसते. मी सहाशे वर्षे म्हणतो. लोक मला वेडा म्हणतात आणि नोरिए अध्यक्षांवर विश्वास ठेवते. गेल्या महिन्यात तिने माझ्यादेखत भंगारवाल्याला फोन करून विचारले, "जुन्या लोखंडात घेता का हो?"

नोटरीबाई म्हणतात, "इगाराशी-सान, मृत्युपत्रात राग लिहायचा नसतो."

मग कशात लिहायचा?

कलम ६. दुसरे साक्षीदार म्हणून मी मुद्दाम कुवाबारांना बोलावले आहे. मृत्युपत्र साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचावे लागते, आणि त्यांनी शेवटपर्यंत बसून ऐकावे लागते. त्यांना काही मिळणार नाही, याचीही सोय कायद्यानेच झाली. सही करण्यापूर्वी त्यांनी खेळाच्या नियमाप्रमाणे, बूड झाकून, ही तलवार पाहावी आणि चिठ्ठी लिहावी. चिठ्ठीत ती जुनी ठरली तर नोरिएने ती आयुष्यभर सांभाळावी आणि बुडाला तेलाचे बोटही लावू नये. न ठरली तर खुशाल लोखंडात घालावी. मी तक्रार करायला नसेन.

कलम ७. वाचन झाल्यावर घडलेले, सर्वांच्या संमतीने जोडले आहे. कुवाबारा म्हणाले, "हा काय पोरखेळ लावलाय?" होशिनाबाई म्हणाल्या, "डॉक्टर, चमचा म्हणताना पोरखेळ नव्हता वाटतं?" कुवाबारा उठले, वाकले, तलवार घेऊन खिडकीशी गेले. पंधरा मिनिटे पाते उजेडात तिरके धरून पाहत राहिले. मग त्यांनी दोनदा खोडून तिसऱ्यांदा चिठ्ठी लिहिली. नोटरीबाईंनी ती वाचली : "सहाशे वर्षांपूर्वीची. बिझेन प्रांत. चांगल्या हातची."

नोरिए उठून पुढे आली. तिने तलवारीचे कापड सरळ केले.

कुवाबारांनी चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. "चुकलो मी, इगाराशी-सान. चौदा वर्षं चुकलो. आज परीक्षक तुम्ही. मारा शेरा."

हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही, हात्सुएला तेवढे ठाऊक होते. त्या बुडावर, गंजाखाली नोंदणीच्या बाबूलाही न दिसलेली, कारागिराची सही होती, दोन अक्षरांची. हात्सुएने दाखवली होती. "अहो, काहीतरी लिहिलंय इथे." मी म्हणालो, "ओरखडे आहेत," आणि चाक सुरू केले. ती हे कोणाकडे कधी बोलली नाही, माझ्याकडेसुद्धा नाही.

बरोबर की चूक, हे सांगू शकणारी ती दोनच अक्षरे होती. म्हणून चिठ्ठीवर शेरा मारलेला नाही. ती तशीच या दस्ताला जोडावी.

वरील मजकूर मला व साक्षीदारांना वाचून दाखवला, तो बिनचूक आहे.

मृत्युपत्र करणार : इगाराशी तामेयोशी (सही, शिक्का)
साक्षीदार : होशिना मित्सुको (सही, शिक्का)
साक्षीदार : कुवाबारा शिगेताका (सही, शिक्का)
स्थळ : त्सुबामे. दिनांक : रेइवा ६ (इ.स. २०२४), १४ नोव्हेंबर