सगळ्यात वाईट चाकू मी ठेवणार

३ फेब्रुवारी, सोमवार

आलं: भावजींकडून पार्सल एक. आत खिशात ठेवायचे घडीचे चाकू तीन, चिठ्ठी एक, गुंडाळलेले कागद चार (इस्त्री करून ठेवले).

गेलं: पार्सलवर तिकिटं कमी, म्हणून पोस्टमनने अठरा मागितले. सुटे नव्हते, वीस घेऊन गेला. दोन येणे.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. यंत्रांचे सुटे भाग विकतात. वर्ष होत आलं, नोकरी दुसऱ्या शहरात आणि बायको, म्हणजे आमची धाकटी, इथे आमच्याजवळ. चिठ्ठीत लिहितात, इथे जुन्या पद्धतीचे साधे चाकू मिळाले. मी एक रोज खिशात ठेवतो, त्याच्यावाचून दिवस जात नाही. एक वहिनींना, एक ताईला, एक हिला. कोणता कोणाला ते वहिनीच ठरवतील, त्यांचा हात न्यायी आहे.

न्यायी हा शब्द ह्यांना दोनदा वाचून दाखवला. हे म्हणाले, पुढचं वाच.

पुढे असं की, दोन खोल्या पाहून ठेवल्या आहेत, महिनाअखेरीला मालकाला हो की नाही सांगायचं. ही पत्रात ‘सगळं ठीक’ एवढंच लिहिते. ती तिथे सुखात आहे का, ते वहिनी तुम्ही कळवा. असेल तर खोल्या सोडून देतो.

धाकटी गेली तर माझं काही अडत नाही. पाणी भरणं, भांडी, जिना, आणि भाड्यातला तिचा वाटा, एवढंच. काळजी आहे ती त्या दोघांची. दोघंच राहिली तर बिघडतील.

संकल्प: तिन्हींतला सगळ्यात वाईट चाकू मी ठेवणार. देवापुढे बोलून टाकलं.

संध्याकाळी लक्षात आलं की सगळ्यात वाईट कोणता हे कळायला आधी तिन्ही वापरून बघायला हवेत.

४ फेब्रुवारी, मंगळवार

तुलना. मी मॅट्रिक आहे, तुलना कशी करतात हे मला कोणी शिकवायला नको.

काळा: शिंगाची मूठ. पात्याला नख अडकवायची खाच आहे, पण स्प्रिंग इतकी ताठ की नख गेलं. मिटताना टक् असा आवाज करतो. उद्धट.

लाकडी: गोल मूठ, वजन नाहीच. पातं उघडून गळ्यापाशी कडी फिरवली की आपोआप मिटत नाही. सफरचंद कापल्यावर पात्यावर काळपट डाग पडला, तो जाईना.

पितळी: सपाट, अंगाने बारीक, पाती दोन. साबणाच्या वडीचे सरळ दोन तुकडे फक्त ह्याने केले. सुतळीही ह्यानेच. जरा भपकेबाज आहे.

हे म्हणाले, चाकू तो चाकू. मी देवाजवळ बसले असताना ह्यांनी पितळीने पायाचं कुरूप तासलं. धुतला. कोणाला सांगायची गरज नाही.

निकाल: काळा वाईट. काळा माझा.

६ फेब्रुवारी, गुरुवार

वाटप केलं. लाकडी वन्संना, पितळी धाकटीला.

वन्सं, म्हणजे ह्यांची बहीण, कोपऱ्यावर शिवणाचं दुकान चालवतात. आभार मानतील असं वाटलं होतं. म्हणाल्या, भावाने आठवण ठेवली हो. भावाने. निवडला कोणी, नख कोणाचं गेलं, काही नाही.

धाकटीने पितळी हातात घेतला, उलटसुलट केला आणि छोटं पातं पहिल्या फटक्यात उघडलं. पेन्सिलला टोक करून दिलं मला. इतकं बारीक टोक मी मागितलंही नव्हतं.

मन अगदी शांत आहे. त्यागाने असंच होतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

काळा उघडायला चमच्याचा दांडा लागतो. म्हणजे रोज जवळ काय बाळगायचं, चाकू आणि चमचा.

तिकडे पाण्याच्या रांगेत धाकटी पितळी घेऊन मिरवते. कोणाची पिशवी अडकली, काढ पितळी. कोणाच्या बाटलीचं झाकण, काढ पितळी. शेजारीण मला म्हणाली, तुमची धाकटी जाऊ फार उपयोगी पडते हो. मी म्हटलं, आम्ही सगळेच उपयोगी आहोत.

विचार केला. तरुण बाईजवळ दोन पात्यांची चैन बरी नाही. शिवाय काळा अस्सल शिंगाचा. नवऱ्याने पाठवलेल्यातला भारी नग बायकोला नाही द्यायचा तर कोणाला. तिच्या भल्यासाठी बदलायला सांगितलं.

ती म्हणाली, बरं.

नुसतं बरं. ह्या मुलीच्या बरं म्हणण्यात जेवढा उर्मटपणा असतो तेवढा लोकांच्या शिव्यांत नसतो. तरी मी काही बोलले नाही. बोलले ते फक्त एवढंच, की बरं म्हणायची ही पद्धत नव्हे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

काळा आता धाकटीच्या हातात एका बोटाने उघडतो. वन्संकडे जाऊन सांध्यात तेल घालून आणलं म्हणे. तेल घालून उघडायला काय, कुलूपही उघडेल. मी बिनतेलाचा निभावला होता, ह्याची कोणाला किंमत नाही.

पितळीने माझ्या गाऊनचा खिसा फाडला. त्या भोकातून किल्ली गेली, सुटे पैसे गेले, शेवटी पितळी स्वतःच पडला, तो पायाच्या अंगठ्यावर. पहिल्या दिवशीच म्हटलं होतं, भपकेबाज आहे.

म्हणजे रोज जवळ बाळगायला खरा लाकडीच. वजन नाही, खिसा फाडत नाही, कडी लावली की बोट सलामत. डागाचं काय, डाग सगळ्यांनाच असतात.

उद्या वन्संना समजावून सांगणार.

१२ फेब्रुवारी, बुधवार

समजावून सांगितलं. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती, त्याला माझा इलाज नव्हता.

मी म्हटलं, वन्सं, टाके उसवायला तुम्हाला छोटं पातं हवं, पितळीला ते आहे, मी तुमचाच विचार केला. त्या मशीन न थांबवता म्हणाल्या, वहिनी, दिलेलं परत न्यायला आलात ते सांगा, माझा विचार घरी जाऊन करा. गिऱ्हाईक हसलं. मग म्हणाल्या, आज चाकू बदलून द्या, उद्या भाऊ बदलून द्या म्हणाल. तिघंही हसली.

मी जागची हलले नाही. सत्याला लाज कसली.

शेवटी त्यांनी लाकडी कापडाच्या ढिगावर टाकला. म्हणाल्या, न्या, पण भिजवू नका.

पंचवीस वर्षं संसार केला, आणि धुवायचं कसं हे ह्या मला सांगणार.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

लाकडी भांड्यांबरोबर सोड्याच्या पाण्यात टाकला होता. एकच रात्र. फुगला. पातं आत घट्ट बसलंय, चमच्याच्या दांड्याला दाद देत नाही. वन्संनी मुद्दाम बिघडवून दिला असणार. नाहीतर भिजवू नका हे त्यांना आधीच कसं माहीत.

वन्संकरता शंभर वेळा नाम घेतलं, देव त्यांना सुबुद्धी देवो. शेवटची वीस जरा घाईत झाली.

१६ फेब्रुवारी, रविवार

मानवी न्याय पुरे. आता देवावर सोपवायचं. धार लावून देते असं सांगून दोघींकडचे चाकू परत आणले. थोडंसं खोटं होतं, पण कारण धार्मिक.

तीन चिठ्ठ्या टाकल्या. काळा धाकटीला, पितळी वन्संना, लाकडी मला. एक चिठ्ठी नीट दुमडली नव्हती, म्हणून पुन्हा टाकल्या. तेच. तिसऱ्यांदा ह्यांना उचलायला सांगितल्या. तेच.

देव परीक्षा बघतोय हे उघड आहे. परीक्षेत पहिलं सुचलेलं उत्तर लिहायचं नसतं. तूर्त तिन्ही माझ्याकडे, सुरक्षित.

मागच्या पायरीवर धार लावली. पितळी चकचकीत झाला, पण आता साबणही कापत नाही, चेपतो. काळ्याने डब्याचं झाकण उचकटलं तेव्हा टोक गेलं. थोडंसंच.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

धाकटीने आपला चाकू मागितला. म्हटलं, धार व्हायची आहे. ती म्हणाली, पायरीवर आवाज परवाच बंद झाला. मी विचारलं, म्हणजे मी खोटं बोलते का. ती म्हणाली, मी एक चाकू मागतेय जाऊबाई, घर नाही मागत.

ह्यावर हे वर्तमानपत्रामागे खोकले. खोकला नव्हता तो.

संध्याकाळी वन्सं दारात उभ्या राहूनच म्हणाल्या, भावाने तीन माणसांना तीन पाठवले, तुम्ही तिन्ही एका खिशात घातले. मी म्हटलं, खिसा फाटलाय, डब्यात आहेत. त्या गेल्या. आत बोलावलं असतं तर आल्या असत्या, पण बोलावलं नाही.

भावजींना उत्तर लिहायला बसले. नुसतं ‘सुखात आहे’ लिहिलं तर कोण विश्वास ठेवेल. पुरावा द्यावा. म्हणून चाकूवाटपाची सगळी हकीगत लिहिली. पहिला त्याग, मग प्रत्येक बदल कोणाच्या भल्यासाठी केला, वन्संची भाषा, धाकटीचं बरं, चिठ्ठ्या, सगळं. इतकं होऊनही घरात एकदाही भांडण नाही, कारण मी सगळं सहन करते. साडेचार पानं. शेवटी: ती इथे अत्यंत सुखात आहे.

हे वाचून म्हणाले, हे सगळं पाठवणार आहेस? म्हटलं, अक्षर न अक्षर खरं आहे. हे म्हणाले, म्हणूनच विचारतोय.

धाकटीनेही आपलं पत्र दिलं टाकायला. पातळ पाकीट. माझ्या पत्रापुढे अगदीच केविलवाणं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

भावजींचं उत्तर आलं. उतरवून ठेवते.

‘वहिनी, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि लगेच जाऊन मालकाला आगाऊ भाडं दिलं. हिला शनिवारी गाडीत बसवून द्या. तिला कृपा करून काही बोलू नका. तिच्या पत्रात नेहमीप्रमाणे दोनच ओळी होत्या, सगळं ठीक, काळजी नसावी.’

दोन ओळी. दोन ओळींत माणूस किती विष ओतू शकतो. माझी साडेचार पानं त्यापुढे फिकी पडली. हे म्हणतात, हे झालं ते तिच्या ओळींमुळे नव्हे. मग कोणाच्या? हे उठून बाहेर गेले.

संकल्प: शनिवारपर्यंत तिच्याशी एक शब्द बोलणार नाही. पाण्याचं तेवढं सांगावं लागेल.

१ मार्च, शनिवार

धाकटी गेली. एक ट्रंक, एक वळकटी.

वळकटी बांधायला वन्सं आल्या. सुतळीचं टोक कापायचं राहिलं आणि दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी तिन्ही चाकू आणले. मन मोठं ठेवलं. काळा उघडेना. वन्संच्या तेलाचा वास नको म्हणून तिन्ही उकळून काढले होते, तेव्हापासून तो गंजून बसलाय. लाकडी तर फुगलेलाच. पितळी उघडला, पण सुतळीची नुसती लव निघाली. वन्संनी पदराआडून कात्री काढून कच्च् केलं. कात्री पुन्हा पदराआड गेली. त्याहून बोलल्या असत्या तर बरं.

मी धाकटीपुढे तिन्ही धरले, म्हटलं, तुझा घेऊन जा. ती म्हणाली, राहू द्या जाऊबाई. तिन्ही तुम्हालाच लागतील.

मग वाकून चपला घातल्या आणि म्हणाली, पाणी सहाला जातं, त्याआधी भरून ठेवा.

मी म्हटलं, मला माहीत आहे. माहीत नव्हतं.

४ मार्च, मंगळवार

पाणी गेलं. उशीर झाला. जिना राहिला. भाडं पूर्ण भरलं, तो आकडा इथे लिहीत नाही.

कोपऱ्यावरून गेले तर वन्संनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. भर दुपारी.

संकल्प: आजपासून कोणावाचून काही अडू द्यायचं नाही. पेन्सिलीला टोक करायला घेतलं, आधी पितळीने, मग दाताने.

६ मार्च, गुरुवार

भावजींना पत्र. कच्चं इथे लिहिते, नीट उतरवून उद्या टाकेन.

चि. भावजींस अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम. पार्सलाचे अठरा भरले होते ते तुमच्याकडे मागत नाही, फक्त माहितीसाठी. तीन चाकू पाठवलेत, तिन्ही घरात आहेत. पूर्ण विचारांती काळा धाकटीचा, हे मी मान्य केलं आहे. देवाचाही कौल तोच होता. टोक किंचित गेलंय, पण तिला टोकाचं काय काम. आजच पाठवला असता, परंतु तो उघडत नाही, आणि न उघडणारा चाकू पाठवला तर ती मला हसेल. तिच्या हातात तो एका बोटाने उघडत होता, मी स्वतः पाहिलं आहे. तेल घातलं होतं तिने. कोणतं ते वन्संना ठाऊक, पण त्यांना सध्या कामातून उसंत नाही. तरी धाकटीला विचारून, तेल कोणतं आणि थेंब किती, एवढं परतीच्या टपालाने कळवावे. तिनेच दोन ओळी लिहिल्या तरी चालतील.