इनासचा उपवास

सोलापूर,
१८ मार्च १९७४

प्रिय आईस,

प्रभूच्या कृपेने मी बरी आहे. ऊन तापले आहे. तुझा गुडघा कसा आहे?

तार पाहून घाबरली असतीस, म्हणून पत्र. काल इनासला ट्रंककॉल लावला. कुलगुरू म्हणून त्याने दोन विद्यार्थ्यांना काढले, त्याविरुद्ध बाकीची मुले विद्यापीठाच्या दारात उपोषणाला बसली आहेत. निर्णय तो बदलणार नाही, पण चार दिवस स्वतःही जेवलेला नाही.

म्हणाला, "पोरं उपाशी असताना मला घास उतरेल का? आईला सांग, ईस्टरआधीचा उपवासकाळ आहे, माझ्यासारखा पाद्री उपवास करणारच."

मी असले काही सांगणार नाही. त्याला मधुमेह आहे, तुझ्यापासून लपवला. आवाज खणखणीत होता, पण एकच वाक्य दोनदा बोलला.

रजा टाकून मी आजच त्याच्याकडे निघते आहे. माझे तो ऐकत नाही. पत्र मिळताच तू त्याला तार कर, जेव म्हणून.

तुझी,
सेसिलिया