ओपलबाईंचा झरा आणि आपलं तळं

प्रिय डेलबर्टदादास,

वर्डीचा मनापासून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? फ्लोरिडाच्या उन्हाने बरा वाटत असेल तर उन्हात बसत जा, नाहीतर डॉक्टर बदल. वहिनीला सांग, संत्री पोचली (त्यातली बरीचशी खाण्याजोगी होती). माझी तब्येत ठणठणीत आहे. आपलं तळं मात्र आता नाही. घाबरू नकोस. बांध फुटला नाही, कुणी दगावलं नाही, तळं तेवढं रिकामं झालं. आणि ते मीच केलं.

बाबांनी आपल्याला पोहायला आणि मासे धरायला म्हणून ओढ्यावर मातीचा बांध घातला, तेव्हा खाली नुसतं रान होतं. आता बांधाच्या अगदी पायथ्याशी ओपलबाई स्टिडमांचं घर आहे (तूच त्यांना ती जागा विकलीस आणि फ्लोरिडाला पळालास). तू गेल्यापासून बांधाची उस्तवार माझ्या एकटीकडे. गवत कापायचं, सांडव्यात अडकलेला पाला उपसायचा, झाडाचं रोप दिसलं की उपटायचं, कारण मुळं आत शिरली की पाण्याला वाट मिळते. सगळं नेमाने करते. पण पाण्याकाठच्या घुशी माझ्याहून नेमाच्या. मी एक बीळ बुजवते, त्या दोन काढतात.

तर यंदा वसंतात ओपलबाई बरणीभर पाणी घेऊन दारात. "वर्डे, माझ्या घेवड्याच्या वाफ्यात झरा फुटलाय! रोज चर्चला जाण्याचं फळ आहे. तुला नाही कळायचं." त्या पाण्याची कॉफी झाली, पाद्रीबुवांना बाटली गेली. मी आपली खाली जाऊन पाहून आले. पाणी स्वच्छ होतं. बांधातून थोडं स्वच्छ पाणी झिरपतंच, लक्ष ठेवायचं, एवढं बाबांनी शिकवलंच होतं. पण मोठा पाऊस झाला आणि ओपलबाई पुन्हा आल्या, या वेळी भांडायला. "तुझ्या घुशींनी माझा झरा नासवला!" जाऊन बघते तो दुधाळ कॉफीसारखं पाणी. दादा, गढूळ पाणी म्हणजे बांधाच्या पोटातली माती वाहून चाललीय.

म्हटलं, "ओपलबाई, आधी घरातून निघा."

"माझ्या नवऱ्याला जन्मभर मला घराबाहेर काढता आलं नाही, तू कोण?"

शेवटी त्यांनी भाजलेला ब्लॅकबेरीचा केक मीच उचलला आणि टेकडीवरच्या आपल्या घराकडे चालू लागले. केकच्या मागोमाग त्याही आल्या. मी राज्याच्या धरण-कचेरीत फोन लावला. प्रूइट नावाचा इंजिनिअर म्हणाला, तळाची झडप उघडा, पाणी उतरवा, मी निघालोच. म्हणायला काय जातं! बाबांनंतर त्या झडपेचं चाक कुणी फिरवलंय? मी त्याला अक्षरशः लोंबकळले, ढिम्म. एवढ्यात पाठीमागून आवाज, "सरक." ओपलबाई! एका हातात लोखंडी नळी, दुसऱ्यात बेकनच्या चरबीचा डबा. त्यांना परत टेकडीवर पाठवायला मी काय काय बोलले ते लिहीत नाही. चाकाला चरबी चोपडली, नळी अडकवली आणि दोघी मिळून लटकलो. कर्र झालं, चाक फिरलं आणि आम्ही दोघी गवतात चारी मुंड्या चीत. पाणी ओढ्यात धो धो निघालं. ओपलबाईंचं अंगण वाचलं.

प्रूइट येऊन म्हणाला, "छान! आता जरा कमी करा, पाणी फार भराभर उतरलं तर बांधाची आतली बाजू घसरेल." मी चाक फिरवलं, तर ते माझ्या हातातच आलं. दांडाच तुटलेला. झडप बारीक म्हणून निभावलं, पण मग तळं तळापर्यंत गेलं. सगळा गाव बादल्या घेऊन धावला. मासे टबांत, पिंपांत आणि जागा उरली नाही तेव्हा चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या हौदात. त्या रविवारी पाद्रीबुवा पापक्षालनावर बोलत असताना मागे एक कॅटफिश सारखा शेपूट आपटत होता.

त्या संध्याकाळी ओपलबाई बांधावर उभ्या राहिल्या. एका बाजूला काठावर राहिलेली पाण्याच्या पातळीची खूण, दुसऱ्या बाजूला त्यांचं छप्पर, खुणेच्या कितीतरी खाली. माझी बाही धरून हळूच म्हणाल्या, "वर्डे, इतकं खाली राहत होते होय मी?" मी बाही सोडवून घेतली नाही.

तेव्हापासून त्या तुझ्या खोलीत आहेत. माझ्या मक्याच्या पावात साखर असते म्हणून रोज तोंड वाकडं करतात आणि रोज दोन तुकडे खातात. सकाळी स्वयंपाकघरात गुणगुणणं ऐकू येतं. माझा नवरा फ्रँक गेल्यापासून या घरात ते नव्हतं. बांध खणून नवी नळी, वाळूचा गाळणथर आणि नवी झडप घालायची असं ठरतंय. तुझा होकार मी धरून चालले आहे.

चिखलातून नुकतीच वर आलेली,
तुझी वर्डी

ता.क. आता खरं काम. रिकाम्या तळ्यापासून खालच्या घराला काडीचाही धोका नाही, ओपलबाई केव्हाच घरी जाऊ शकतात, असं प्रूइटने मला बाजूला घेऊन सांगितलंय. मी म्हटलं, त्यांना एवढ्यात सांगायची घाई नको. रविवारी तुझा फोन त्याच उचलतात. तेव्हा 'चला, धोका टळला' असलं काही बरळू नकोस. हवापाण्याचं बोल.

ता.क. २. मी पाकिटाला लावायचं तिकीट शोधायला उठले तेवढ्यात ओपलबाईंनी हे सगळं वाचलं. म्हणाल्या, "मला काय खुळी समजतेस? त्या प्रूइटला मी पहिल्याच दिवशी दम दिला होता, माझं घर सुरक्षित आहे हे वर्डीला कळता कामा नये म्हणून." मी विचारलं, मग आता घरी जाणार का? म्हणाल्या, "आधी बांध होऊ दे. मग सांडवा नीट होऊ दे. मग पाणी भरू दे." आणि पाणी भरल्यावर? "मग काय, पुन्हा धोका आहेच."