पळ रे, पळय रे

४ जाने. ५६, गिरगाव
कॉलेजात हेडक्लार्कने पुन्हा गाठलं. जूनपासून प्राचार्यांच्या मेहेरबानीने वर्गात बसतो आहे. आता परीक्षेला बसायचं तर पणजीच्या शाळेचा अस्सल दाखला हवा आणि मला तिकडचा म्हणून ओळखणारा जामीनदार. 'तुम्ही परदेशी की देशी, ते एकदा ठरवा बुवा,' म्हणाला. मी ठरवायचं? गोवा पोर्तुगिजांचा, म्हणून इथे परदेशी. तिथे त्यांच्याविरुद्ध पत्रकं चिकटवली, पोलीस मागे लागले, रानातून हद्द ओलांडली. म्हणून तिथलाही नाही.

दाखला उशीत शिवलाय. त्यावर खरं नाव, श्रीधर. कॉलेजचं ऑफिस सोडलं तर इथे सगळ्यांना मी वसंत, राजापूरचा. 'मुलगा कुठे गेला ठाऊक नाही,' असं बाबांनी म्हापशाच्या पोलिसांना सांगितलंय. माझं नाव इथे फळ्यावर लागलं आणि कुणी तिकडे कळवलं, की बाबांना उचलतील.

८ जाने.
खोलीतला सामंत. शिवडीच्या गोदामात कारकून, म्हणतो देवगडचा. आज विचारतो, 'तुझी उशी एवढी कडक कशी रे?' म्हटलं, जुना कापूस. हसला. दुसऱ्याच्या उशीशी याला काय देणंघेणं?

रविवारी कुठे जातो सांगत नाही. घरचं पत्र नाही. (मलाही येत नाही, पण माझं कारण मला माहीत आहे.) खानावळवाल्या गोदूताईंनी विचारलं, 'तुमच्या बंदरार तो घाडी ऱ्हवता, वळाखतास काय?' सा. ताटात बघून 'व्हय, व्हय' करत राहिला. पोर्तुगिजांची माणसं गिरगावात पेरलेली आहेत म्हणतात. त्यातला एक माझ्याच खोलीत?

१७ जाने.
डाव्या हाताला लागलंय, तरी लिहितो. मुंबई महाराष्ट्राला देत नाहीत म्हणून रस्ते पेटलेत. दुपारी सा. आणि मी खानावळीतून परतत होतो, नाक्यावर मोर्चा, एकदम लाठ्या सुरू. वरच्या गॅलरीतून गोदूताई ओरडल्या, 'पळ रे, पळ रे!' अख्खा रस्ता पळाला. मी जागच्या जागी थांबून मागे वळून पाहिलं.

आमच्या कोंकणीत पळय म्हणजे बघ. पळायला आम्ही धांव म्हणतो. इतके महिने तोंड सांभाळलं, ऐन वेळी कानाने दगा दिला. दंडावर लाठी बसली. माझ्या बाजूला आणखी एकजण तसाच वळून बघत उभा होता. सामंत.

१८ जाने.
कर्फ्यू. दिवसभर खोलीत दोघेच. त्याच्या कपाळाला पट्टी, माझा हात गळ्यात. तो देवगडचा नाही हे मला कळलं, मी राजापूरचा नाही हे त्याला. गोंयकार, गोव्याचाच, पण कसला? माझ्यासारखा पळून आलेला, की माझ्यासारख्यांच्या मागावर धाडलेला? हेर असता तर 'पळ' कशाला म्हणतात हे शिकून आला असता.
की नसता?

२० जाने.
चहा गाळता गाळता तोच म्हणाला, 'तूंय पळयत रावलो मरे.'
इतक्या महिन्यांनी आपली कोंकणी ऐकली आणि मला रडू आलं. लाज वाटली. मग रागही आला. असंच गोड बोलून माणसं फोडत असतील.
तरी जामीनदाराचं सांगून बसलो. 'हांव येतां, जामीन रावतां,' म्हणाला, सहज. म्हटलं, तुझं खरं नाव काय?
'पयलीं तुजें सांग.'
सांगितलं. मूर्खासारखं बाबांचं, त्यांच्या म्हापशाच्या दुकानाचंही सांगितलं. तो पेले विसळायला गेला.

२४ जाने.
कॉलेज उघडलं. दहाला गेटपाशी भेटू असं ठरलं होतं. सकाळी उठलो तर सा. गायब. वळकटी गुंडाळलेली, ट्रंक जागेवर. गोदूताई म्हणाल्या, 'त्येका खंयतरी जावचा होता, घाईत गेलो. चायव नाय घेतल्यान.'
उशी उसवली. दाखल्याला घडीवर चीर पडलीय, पण नाव वाचता येतं. जाऊ नये असं शंभरदा वाटलं. मग वर्ष फुकट, आणि इथवर आलो तेही फुकट.
गेटपाशी तो एकटा असेल की बरोबर कुणी असेल? जामीन राहायचं तर त्याला सही खऱ्या नावाने करावी लागेल. माझं नाव त्याच्याजवळ आहे, बाबांचं आहे, म्हापशाच्या दुकानाचा पत्ताही आहे. त्याचं नाव मला अजून माहीत नाही.
साडेनऊ झाले. निघतो.