डावी बाजू: स्थिती पूर्ववत

३ फेब्रुवारी, सोमवार

मी, वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय वर्षे चौपन्न, गोदामांतील माल मोजून नोंदींशी पडताळण्याचा अठ्ठावीस वर्षांचा अनुभव असलेला गृहस्थ, आजपासून या पानांवर एकाच विषयाच्या नोंदी करणार आहे. गाडीच्या विम्याची मुदत वीस तारखेला संपते. या वेळी सक्तीच्या विम्यापलीकडचे ऐच्छिक संरक्षण घ्यावे की नाही, हा निर्णय विचारपूर्वक व्हावा, एवढाच हेतू.

सक्तीचा विमा आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान केले तर ते भरून देतो. आपल्या गाडीचे काही झाले तर आपण आणि आपले नशीब. गेली तीन वर्षे मी तेवढ्यावरच भागवले, कारण सव्वीस वर्षांत माझ्या हातून गाडीला ओरखडाही आलेला नाही.

मग आताच विचार का? तर सौ.ने गेल्या महिन्यात ड्रायव्हिंगचा क्लास लावला आहे. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी! त्याचे मूळ संत्र्यांत आहे. इस्पितळाच्या रस्त्याने येताना तिने एकाएकी माझा दंड धरून ‘थांबा’ म्हटले. मी करकचून ब्रेक दाबला. काय झाले, तर हातगाडीवाल्याकडची संत्री! संत्र्यांसाठी कोणी असे थांबवते का, म्हणून मी घरी येईपर्यंत बोललो. दुसऱ्याच दिवशी ती क्लासचे पैसे भरून आली. संत्री मात्र टोपलीत सुरकुतली.

हल्ली मी गाडी काढली की तिला बरोबर यायचेच असते. टपाल टाकायलासुद्धा. शिकण्याची हौस, दुसरे काय.

५ फेब्रुवारी, बुधवार

विमावाल्या बाई घरी येऊन गेल्या. “काका, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं घ्याच, आणि वर झीरो डेप. म्हणजे बंपर बदलला तर गाडी जुनी म्हणून पैसे कापणार नाहीत.” मी अकरा प्रश्न विचारले. सातव्यानंतर त्यांनी पाणी मागितले.

“गाडी चालवतं कोण?”

“सध्या मी. पुढे ही चालवील. म्हणून तर हा सगळा विचार.”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

बाई गेल्यावर सौ. बाहेर आली. “म्हणजे विमा माझ्यामुळे?”

“शिकाऊ हात म्हटला की...”

“मी आपटणार हे धरूनच चाललात.”

“धरून नव्हे. संभाव्यता.”

“बरं. मग ही संभाव्यता तुमच्या गाडीला बोट लावणार नाही. क्लासची गाडी आहे, ती मला पुरे.”

८ फेब्रुवारी, शनिवार

चहा मिळाला. साखर नव्हती. विचारले नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ऐच्छिक संरक्षण घ्यायचे ठरवले. मध्ये तीन वर्षे ते घेतले नव्हते, त्यामुळे कंपनीचा तपासनीस आधी गाडी पाहून फोटो काढणार. खुशाल काढो! दर महिन्याच्या एक तारखेला मी गाडीची तपासणी करून तक्ता भरतो. चार बाजूंच्या चार आकृत्या, त्यांवर प्रत्येक डाग. उजवीकडे उडालेल्या खड्यांच्या दोन खुणा. मागे एक पोचा, तोही उभ्या गाडीला दुसऱ्याने दिलेला. डावीकडे सतरा महिने एकच शेरा: ‘स्थिती पूर्ववत.’

सौ.ला तक्ता दाखवला. म्हणाली, “छान आहे अक्षर.”

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

तपासनीस निवृत्तीला टेकलेला, कमी बोलणारा गृहस्थ निघाला. आमची गाडी उभी असते तिथे डावी बाजू भिंतीपासून जेमतेम वीतभर. “बाहेर घ्या,” म्हणाला. घेतली.

उन्हात डाव्या बाजूला पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत तीन लांब ओरखडे दिसले. एकात भिंतीचा चुना!

“कोण चालवतं?”

“पत्नी शिकते आहे,” मी म्हणालो.

सौ. दारातच उभी होती. “मी या गाडीत अजून स्टिअरिंगपुढे बसलेलीसुद्धा नाही.”

तपासनिसाने माझा तक्ता हातात घेतला, भिंत पाहिली, मला पाहिले. “साहेब, डावी बाजू तुम्ही बघता कुठून?”

येथे खरे लिहिणे भाग आहे. बघत नाही. भिंत आणि गाडी यांत माणूस मावत नाही. म्हणून मागच्या महिन्याचा शेरा पुढच्या महिन्यात उतरवत आलो. माल न मोजता मागचा आकडा पुढे ओढला म्हणून मी दोन कारकुनांना लेखी समज दिली आहे. त्यांतला एक अजून मला जिन्यात टाळतो.

“भिंत काही आपणहून पुढे आली नसणार,” तपासनीस म्हणाला. जुने ओरखडे नोंदले, ते भरून मिळणार नाहीत असे सांगितले आणि गाडी पास केली. मला हसू आले. सौ. हसली नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

“डोळे तपासून घ्या,” सौ. म्हणाली. चष्मा सहाच महिन्यांपूर्वीचा आहे, असे मी सांगितले. “मी चष्म्याचं कुठे म्हणतेय?”

१७ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरांनी उजवा डोळा पुठ्ठ्याने झाकला. समोरची अक्षरे साबणाच्या पाण्यात बुडाल्यासारखी झाली. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. “उजवा एकटाच दोघांचं काम ओढत होता, म्हणून तुम्हाला पत्ता लागला नाही.” आमच्या कार्यालयात असे टेबलोटेबली चालते, पण माझ्या चेहऱ्यावरही चालावे?

शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात, अर्ध्या तासाची. तोवर गाडी चालवायची नाही.

परतताना सौ.ने रिक्षा केली. माझा हात धरून बसवले. मी धरू दिला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सौ. परीक्षा पास! परीक्षकाने एकही चूक काढली नाही, हे तिने तीनदा सांगितले. मी तिन्ही वेळा ऐकले.

विम्याचा अर्ज भरला. सगळे घेतले. विमावाल्या बाईंचा फोन आला, “काकूंसाठीच ना?”

“नाही. माझ्यामुळे. तसे लिहायला रकाना असेल तर सांगा.”

सौ. आतून म्हणाली, “चहात साखर किती घालू?”

२० फेब्रुवारी, गुरुवार

विमा आजपासून लागू. आज आमची गाडी सौ.ने प्रथमच चालवली. मी डावीकडे बसलो. इस्पितळाच्या रस्त्यावर तोच संत्रीवाला दिसला. “थांब, घेऊ या,” मी म्हणालो.

तिने वेग कमी केला, पण थांबवली नाही. नजर समोरच ठेवून म्हणाली, “मला तेव्हाही संत्री नको होती हो. डावीकडून एक बाई लेकराला कडेवर घेऊन रस्त्यात उतरली होती.”

(सही)
गाडीचा मालक
मुक्काम: डावीकडची सीट
२० फेब्रुवारी