मळईवरची हाक

५ जाने. ९४
तालुक्याहून निरोप आला. आशियाई निमंत्रितांच्या स्पर्धेला भालाफेकीत देशातून एकच जण, तो मी. आत्याचा विलास राखीव. म्हणजे मी आजारी पडलो किंवा मेलो तर तो जाणार. हे त्याच्या तोंडावरच सांगितलं. "मर की मग लवकर," म्हणाला. आईनं शेवयांची खीर केली. वि. दोन वाट्या चापून गेला.

९ जाने.
शिबिराचे कोच इथे पुणतांब्याला येऊन गेले. नदीकाठच्या गाळाच्या मळईवर आमचा सराव बघून त्यांचं डोकं फिरलं. खरा भाला आमच्याकडे एकच. दर खेपेला चालत जाऊन कोण आणणार? म्हणून नदीच्या अंगाला वि., बांधाच्या अंगाला मी. मी फेकला की तो उपटतो आणि तिथूनच माझ्याकडे फेकतो. हातातून सुटायच्या आधी "आला रे" अशी हाक. ऐकली की दुसऱ्यानं डावीकडे सरकायचं. पोरं होतो तेव्हापासून हेच.
कोच म्हणाले, "माणसाच्या दिशेनं भाला फेकता? जनावरं आहात का?" त्यांची पाठ वळताच वि.नं त्यांची चाल करून दाखवली. हसून पोट दुखलं.
तसं मला सरकावं लागतच नाही. वि.चा भाला माझ्यापर्यंत पोचायच्या बराच आधी रुततो. मी मुद्दाम तिथेच उभा राहतो, त्याला खुन्नस यावी म्हणून.

१४ जाने. संक्रांत
तिळगूळ राहिला बाजूला. सरावात ओरडलो, "ए राखीव, पाणी आण." दोनदा ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा चालत आला आणि सरळ तोंडावर ठोसा. "ह्यो शब्द लोकं म्हनत्यात तेच लई झालं. तू न्हाई म्हनायचा." मीही त्याला पाडला, तोंडात वाळू कोंबली. माझा ओठ फाटला, त्याचा दात हलतोय. नंतर दोघं एकाच सायकलवर घरी. माफी मागणार नाही. गंमत केली होती.

२२ जाने. नगर, दवाखाना
आज पेन धरता येतंय.
१७ ची सकाळ. मी फेकला. बूट सैल झाला म्हणून खाली वाकलो. डाव्या मांडीत काहीतरी घुसलं. आधी दुखलंच नाही. बघितलं तर टोक मांडीच्या मागून बाहेर आणि शेपूट पुढे हवेत थरथरतंय. वारा नव्हता. हाक नव्हती. मला तरी ऐकू आली नाही.
वि. धावत आला, उपटायला लागला. त्याचे केस धरून डोकं जमिनीवर दाबलं, म्हटलं हात लावलास तर डोळा फोडीन. मग टेम्पोत घातलं, भाला मांडीत तसाच. तो हलू नये म्हणून वि. दोन्ही हातांनी धरून बसला. खड्डा आला की मी त्याच्या मनगटाला चावायचो. राहात्याचा दवाखाना येईपर्यंत माझ्या तोंडात त्याचं रक्त. त्यानं हात काढला नाही.
राहात्याहून इथे हलवलं. पुढचं आठवत...

२५ जाने.
माझा थोरला भाऊ मधुदादा उसाचा कोयता घेऊन आत्याच्या घरी गेला होता. वि.चा उजवा हात खांद्यातून काढतो म्हणत. वि. सापडला नाही. मामा, म्हणजे वि.चे वडील, आडवे आले, त्यांच्या डोक्यात कोयत्याची उलटी बाजू. टाके पडले. दादानं दाराचा पत्रा फोडला, पाण्याचा रांजण फोडला. आत्या म्हणे उंबऱ्यात बसून राहिली. "माज्या भावाचीच पोरं हायत. मारा."
आई हे सांगताना रडत होती. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

२ फेब्रु.
हवालदार जबाब घ्यायला आले. दादा शेजारी उभा. हवालदार म्हणाले, "मुद्दाम मारला आसंल तर तसं सांग. केस झाली की त्याचं परदेश बंद." मग सरळ विचारलं, "हाक दिली हुती का न्हाई?"
मी म्हणालो, दिली होती.
दादा ताडकन बाहेर गेला. त्याला वाटलं मला पाझर फुटला. पाझर कसला? पोलिसांनी वि.ला उचलला तर माझ्या हाताला काय लागणार? मी उभा राहीपर्यंत तो धडधाकट राहायला हवा. तो माझ्या वाट्याचा आहे.

१९ फेब्रु.
डॉ. स्पष्ट बोलले. चालता येईल. धावत येऊन डाव्या पायावर सगळं अंग थांबवायचं, ते आता या मांडीला जमणार नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच.
जेवणाचं ताट भिंतीवर मारलं. वॉर्डबॉय धरायला आला, त्याच्या कानाखाली वाजवली. संध्याकाळपर्यंत पलंगाला बांधून ठेवला होता मला.
माझ्या जागी वि. जाणार हे पक्कं झालं. तो एकदाही भेटायला आलेला नाही. आई म्हणते, दोनदा आला होता, दादानं फाटकातूनच हाकलला. तरी.

८ मार्च, घरी
कुबड्या घेऊन स्टँडवर चहाला गेलो. चहावाला म्हणाला, "काई म्हना, विलासचा नेम झकास हाय." सगळे हसले. मीही हसलो. मग कुबडी त्याच्या बरण्यांवरून फिरवली, नंतर त्याच्या गुडघ्यावर. काचा, खारी, रक्त. दादानं मला खांद्यावर टाकून आणलं. वाटेत लोकांना सांगत होता, डोकं फिरलंय त्याचं.
फिरलेलं नाही. डोक्यात एकच गोष्ट आहे. कधी वाटतं, भाला माझ्यापर्यंत पोचेल असं त्यालाही वाटलं नसणार. कधीच पोचला नव्हता. पण पोचत नसतानाही रोज हाक द्यायचाच की. मग त्या दिवशीच...

१४ एप्रिल, जयंती
विहारासमोर मांडव. वि.चा सत्कार, पुढच्या आठवड्यात निघतोय. अध्यक्ष बोलले, एका ताटात जेवलेले भाऊ, समाजाचं नाव, वगैरे. मग मलाही वर बोलावलं. दोघांच्या गळ्यात मिळून एकच मोठा हार. कुणाच्या डोक्यातून निघालं कोण जाणे.
हार घालताना त्याचं मनगट दिसलं. माझ्या दातांची अर्धी गोल खूण, काळी पडलेली. मला काय झालं कळलं नाही. हार तोडला, कॉलर धरली, कपाळ त्याच्या नाकावर आपटलं. पुन्हा आपटलं. त्याचा पांढरा शर्ट पुढून सगळा लाल. पोरांनी मला मागे ओढलं. त्यानं हात उचलला नाही. उचलला असता तर बरं झालं असतं, मला नीट मारता आलं असतं.
आत्यानं मला कोपऱ्यात घेतलं. "मारायचंच आसंल तर येकदाच मार त्याला. ह्ये रोज रोज न्हाई बघवत मला." तिच्याकडे बघता आलं नाही.

३० एप्रिल
जाणार नाही म्हणालो होतो. गेलो. ग्रामपंचायतीच्या टीव्हीसमोर सगळी आळी. नुसत्या शर्यती, शर्यती, मग एकदम भाला.
वि. दिसला. अंगात देशाची बनियन. नाक अजून वाकडं. धावत आला आणि हातातून सुटायच्या आधी त्याचं तोंड उघडलं. बाकीचे भाला सुटल्यावर ओरडत होते, हा आधी. आवाज आला नाही, पण ते तोंड मी लहानपणापासून बघतोय. आला रे. समोर गवतावर लांब झेंडे घेतलेले पंच. त्यांना सांगत होता का?
एवढी सवय आहे तर त्या सकाळी कुठे गेली होती? आणि त्या सकाळीही दिली असेल, मलाच ऐकू आली नसेल, तर मी मामांचं डोकं, आत्याचं दार, त्याचं नाक, हे सगळं कशासाठी?
नववा आला. मला लागलेली फेक तिथे पडली असती तर पदक होतं. ती मात्र कुणी मोजली नाही. टीव्हीला चप्पल फेकून मारली आणि घरी आलो.

१२ मे
वि. बॅग आणि भाला घेऊन थेट आमच्या अंगणात. दादा कोयता आणायला आत वळला, त्याला मी दारात अडवला. कुबडी आता लागत नाही, पण लंगडतो. वि. माझ्या पायाकडेच बघत होता.
विचारलं, "हाक दिलीस का?"
त्यानं बॅग खाली ठेवली. मग म्हणाला, "तोंडात हुती. भायेर पडली का न्हाई, खरंच सांगता येत न्हाई. तू राखीव म्हनलेलं डोक्यात लई हुतं. त्या दिशी सगळा जोर लावला, येवढं आठवतंय."
माझा हात फावड्यावर गेला होता. त्यानं बघितलं.
"फावड्यानं न्हाई भागायचं. उद्या सकाळी मळईवर ये. मी नदीच्या अंगाला हुबा ऱ्हातो, रोजच्या जागंवर. तू फेक."
"आणि लागला तर?"
"तर लागंल."
भाला भिंतीला टेकवून गेला. तोच भाला.

१३ मे, सकाळ
मुठीची दोरी नवी गुंडाळली आहे. माझ्या बोटांना बसेल अशी, त्याच्या नाही.
आई चुलीपुढे. सगळं ऐकलंय तिनं. दादा म्हणतो मी येतो. नको म्हणालो. आत्या मघाशी आमच्या दारावरून मळईच्या रस्त्यानं गेली, इकडे मान वळवली नाही.
अंगणात दोन-चार पावलं धावून बघितलं. मांडीत कळ येते, पण पाय टेकतो. एवढ्यावर तिथपर्यंत पोचेल का? बहुतेक नाही. वि.लाही तसंच वाटत असणार. त्याचाही माझ्यापर्यंत कधी पोचला नव्हता.
निघतो. हाक द्यायची की नाही, ते अजून ठरलेलं नाही.